देहगुहा (अपृष्ठवंशी प्राण्यांतील)

शरीरभित्ती आणि अन्नमार्ग यांच्यामधील द्रवयुक्त पोकळी. मध्यस्तरापासून (भ्रूणातील मधल्या पेशीस्तरापासून) बनलेले अस्तर सर्व बाजूंनी असेल तरच ती खरी देहगुहा मानतात. स्पंज व आंतरगुही (हायड्रा, जेलीफिश इ.) प्राण्यांत ती नसते. हायड्रातील पोकळी पचनाची असते.

प्लॅनेरियासारख्या चापट कृमींत ही जागा मृदूतकाने (सैल भरण-ऊतकाने) भरलेली असते. स्थिरीकरणात (नमुना रसायनात टिकवताना) मृदूतक आकसून फटी पडतात व छेदात त्या पोकळीसारख्या भासतात. म्हणून एकाच छेदावरून निष्कर्ष काढू नये. गोलकृमींत आभासी देहगुहा असते : तिच्या बाहेरच्या अंगाला स्नायू असतात, पण आतड्यावर ना स्नायू ना मध्यस्तराचे अस्तर. जंताचे (ॲस्कॅरिस) आतडे एकपेशीस्तरी असून देहद्रवाच्या दाबाने ते चेपले जाते, त्यामुळे स्नायुल ग्रसनीला (घशाला) अन्न जोराने आत ढकलावे लागते. ताज्या जंताला छेद देताच द्रव उडतो. तो दाहक असल्याने हातमोजे व चष्मा वापरावा.

गांडुळाची देहगुहा खरी असून आडव्या पटलांनी विभागलेली असते. फेरेटिमा या गांडुळात पहिल्या चार खंडांत पटले नसतात. विच्छेदन करताना छेद पृष्ठमध्यरेषेच्या किंचित बाजूने, कात्रीचे टोक वर उचलून घ्यावा. नाहीतर पृष्ठरक्तवाहिनी फुटून पोकळी रक्ताने भरते आणि वृक्कके (उत्सर्जक नलिका) शोधणे अवघड होते. पटले कापल्याशिवाय भित्ती ताणून टाचण्या लावल्यास आतडे फाटते.

देहगुहेच्या उत्पत्तीबद्दल एकमत नाही. वलयी (गांडूळ, जळू इ.) व मृदुकाय (गोगलगाय, शिंपले इ.) प्राण्यांत ती मध्यस्तराचा घन पट्टा दुभंगून तयार होते. कंटकचर्मींत (तारामासा इ.) आद्यांत्राच्या (भ्रूणाच्या आदिम आतड्याच्या) भित्तीवर फुगलेल्या पिशव्या अलग होऊन. ऑस्कर व रिचर्ड हर्टविग या बंधूंनी 1881 मध्ये या दुसऱ्या प्रकाराला मूलभूत महत्त्व दिले. त्याउलट, ती जननग्रंथीच्या पोकळीपासून विस्तारली असेही एक मत होते. देहगुहारहित, आभासी व खरी अशी चढती श्रेणी पाठ्यपुस्तकांत दीर्घकाळ टिकली. मात्र 1997 मध्ये 18 एस आरएनए जनुकाच्या (रायबोसोमच्या एका घटकाच्या जनुकाच्या) तुलनेतून गोलकृमी नात्याने संधिपादांजवळ (कीटक, खेकडे इ.) आले आणि ती श्रेणी खिळखिळी झाली. पोकळी अनेकदा स्वतंत्रपणे उद्भवली अथवा लोपली असावी, हेच मत अधिक ग्राह्य वाटते. शरीररचनेचे वर्णन करण्यास हे तीन प्रकार अजूनही सोयीचे आहेत, नाते ठरवण्यास नाहीत.

संधिपादांत देहगुहा जननग्रंथी व काही उत्सर्जक अवयवांपुरती उरते. मोठी पोकळी रक्तगुहेची (रक्ताने भरलेली) असते. मृदुकायांत देहगुहा मुख्यतः हृदयावरणात आढळते. जळूमध्ये ऊतकांच्या वाढीने ती अरुंद मार्गांपुरती आक्रसलेली असते.