पाचशे शब्द आणि मध्यमेंदूचा हिशेब

सोलापुरातल्या सात रस्त्याच्या सिग्नलजवळ मध्यंतरी एका शिबिराचा फ्लेक्स लागला होता: ‘डोपामाईन डिटॉक्स! २१ दिवसांत मोबाईलपासून मुक्ती!’ दुसऱ्याच दिवशी आमच्या लिहिणाऱ्यांच्या ग्रुपवर त्याचा फोटो आला आणि दोघा-तिघांनी नावंही नोंदवली. दुखणं सगळ्यांचं एकच. दिवाळी अंकाची कथा जुलैअखेर द्यायची, रोज पाचशे शब्दांचा नेम धरलेला. सोलापुरात मे महिन्यात जे काही डोकं चालतं ते सकाळी नऊच्या आत, आणि नेमका त्याच वेळेला हात फोनकडे जातो. पंख्याचा वारा गरम लागायला लागतो तेव्हा पानावर जेमतेम चार ओळी.

ज्याला जायचं त्याने शिबिराला खुशाल जावं. पण डोपामाईन हे मेंदूतलंच एक रसायन, साचून राहणारं, धुऊन काढायचं विष नव्हे. मध्यमेंदूतल्या काही लाख चेतापेशी ते बनवतात. त्या पेशी मरत गेल्या की माणूस एकाग्र होत नाही, त्याला कंपवात होतो. ते ‘आनंदाचं रसायन’ही नव्हे. १९८९ साली मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाईन जवळजवळ संपवून पाहिलं. हे उंदीर समोरच्या अन्नाकडे ढुंकून बघेनात. पण साखरपाणी थेट जिभेवर सोडलं की मिटक्या पूर्वीसारख्याच! गोडी शाबूत, ओढ तेवढी गेलेली.

मध्यमेंदू म्हटल्यावर काहींना ‘मिडब्रेन ॲक्टिव्हेशन’चे क्लास आठवतील. डोळ्यांवर पट्टी बांधलेली मुलं घडाघडा वाचतात म्हणे. वाचतात खरी, नाकाशेजारच्या फटीतून. फट नीट बुजवली की ॲक्टिव्हेशन संपतं. त्यासाठी हजारो रुपये मोजणाऱ्या पालकांना मध्यमेंदूचं खरं काम कोणी सांगत नाही, आणि तेच जास्त नवलाचं आहे.

वोल्फ्राम शुल्त्स या शास्त्रज्ञाने माकडांच्या मध्यमेंदूत अतिशय बारीक इलेक्ट्रोड बसवून एकेका डोपामाईन पेशीचे विजेचे ठोके ऐकले. एरवी ही पेशी सेकंदाला चार-पाच ठोके देत संथ चालते. माकडाला अचानक फळाच्या रसाचा थेंब मिळाला की ठोक्यांचा एकदम सपाटा. मग रसाआधी दरवेळी दिवा लावायला सुरुवात केली. माकडाला क्रम समजला तसा सपाटा दिव्याकडे सरकला आणि रस मिळताना पेशी एरवीसारखीच संथ! रस तोच, चवही तीच. शिवाय दिवा लावून रस दिलाच नाही, तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी ठोके जवळजवळ थांबायचे. म्हणजे पेशी रस मोजत नव्हती. ती मोजत होती फरक: मिळालं किती, वजा अपेक्षित किती. १९९७ साली पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू यांच्यासोबत शुल्त्सने हे गणित मांडलं.

गणित शाळकरी आहे, करूनच पाहू. रसाची किंमत १ धरा, सुरुवातीची अपेक्षा ०. चूक = मिळालेलं वजा अपेक्षित. दर वेळी अपेक्षा त्या चुकीच्या पाचव्या हिश्शाने सुधारायची. पहिल्या खेपेला चूक १, अपेक्षा झाली ०.२. दुसऱ्या खेपेला चूक ०.८, अपेक्षा ०.३६. तिसऱ्या खेपेला चूक ०.६४, अपेक्षा ०.४८८. असं करत चूक शून्याकडे जाते आणि शिकणं संपतं. आता रस निम्म्याच वेळा द्या, कधी ते न सांगता. अपेक्षा ०.५ च्या आसपास घुटमळते. मिळाला तर चूक अधिक ०.५, नाही मिळाला तर उणे ०.५. हजार खेपा करा, चूक शून्य होतच नाही.

चाणाक्ष वाचक विचारेल: अधिक आणि उणे मिळून सरासरी शून्यच, मग ओढ कशाची? २००३ साली फिओरिलो, टोब्लर आणि शुल्त्स यांनी खूण दिसल्यापासून निकाल लागेपर्यंतचे दोन सेकंद तपासले. निकाल पक्का असेल तर त्या मधल्या वेळात पेशी संथ. शक्यता निम्मी-निम्मी असेल तर ठोके हळूहळू चढत जातात, आणि हा चढ सगळ्यात जास्त ५० टक्क्यांनाच. हा चढ खरोखर पेशीतला की अनेक खेपांची सरासरी काढल्याने दिसणारा, यावर पुढे वाद झाला, तो इथे सोडून देऊ. एवढं मात्र कबूतरांच्या जुन्या प्रयोगांपासून माहीत आहे, की दाणा कितव्या टोचीला मिळेल हे ठरलेलं नसलं की कबूतर चिकाटीने टोचत राहतं.

आता फोनवर अंगठ्याने पान खाली ओढा. वर एक छोटं चाक फिरतं, क्षणभरच. लाईक आलाय, की नुसतं कोणाचं ‘शुभ सकाळ’? तो क्षण म्हणजे माकडाचे दोन सेकंद. बहुतेक वेळा काहीच नसतं, आणि म्हणूनच पुन्हा ओढावंसं वाटतं.

पाचशे शब्दांचं तसं नाही. पाचशेवा शब्द चारशे नव्व्याण्णवाव्यानंतरच येणार. चूक शून्य. त्यात मध्येच फोन पाहून परत येणं फुकट पडत नाही. सोफी लेरॉय यांनी २००९ साली दाखवलं की अर्धवट सोडलेल्या कामात लक्षाचा काही भाग अडकून राहतो आणि पुढचं काम त्यामुळे बिघडतं. यंत्रमाग मध्येच थांबवून पुन्हा चालू केला की कापडावर आडवी रेघ उमटते. आपल्या परिच्छेदांतही तशा रेघा ओळखू येतात.

लिहिणाऱ्यांचं आणखी एक खास दुखणं आहे. रोजचा मजकूर रोज फेसबुकवर टाकायचा, म्हणजे नेम मोडणार नाही, असा सल्ला सर्रास मिळतो. मला तो धोक्याचा वाटतो. वरचं गणित माणसाच्या लिखाणाला लावणं हा माझा तर्क आहे, प्रयोग नव्हे. पण तसं लावलं तर लिहिणं हा दिवा होतो आणि लाईक हा रस. सोमवारी ऐंशी लाईक आले, मंगळवारी अकरा, तर मंगळवारच्या उणे चुकीचा फटका लाईकला नाही, दिव्याला बसतो. बुधवारी लिहावंसंच वाटत नाही. आमच्या ग्रुपमधली एक कथाकार आता आठवड्याचं सगळं रविवारी एकदम टाकते आणि प्रतिक्रिया संध्याकाळी, ठरलेल्या वेळीच वाचते. बाकीचे दिवस फोन आतल्या खोलीत चार्जिंगला.

राहिले ते २१ दिवस. हा आकडा मॅक्सवेल माल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० च्या पुस्तकातून आला. आपल्या नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना किमान एवढे दिवस लागतात, असं त्याचं निरीक्षण होतं. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळालं. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांच्या साध्यासाध्या सवयींवर लक्ष ठेवलं, तेव्हा मधला आकडा निघाला ६६ दिवस. कोणाला १८ पुरले, कोणाला २५४ लागतील असा हिशेब आला. त्याच अभ्यासात असंही दिसलं की एखादा दिवस चुकला म्हणून सवय फारशी मागे जात नाही. सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत एक संध्याकाळ गेली म्हणून कथा बुडत नाही. शिबिराच्या फीमध्ये गजराचं साधं घड्याळ येईल आणि वर पैसे उरतील. गजरासाठी म्हणून फोन उशाशी ठेवायचं कारण तेवढ्याने तरी संपतं.