डीबगरचे कीबोर्ड शॉर्टकट

डीबगर म्हणजे प्रोग्रॅम हवा तेथे थांबवून, एकेक पाऊल चालवत त्यातील चुका शोधण्याचे साधन. त्यातील कंटिन्यू (थांबलेला प्रोग्रॅम पुढे चालवणे), स्टेप इन्टू (फंक्शनच्या आत शिरणे), स्टेप ओव्हर (फंक्शन ओलांडणे), स्टेप आउट (फंक्शनमधून बाहेर पडणे), रन टू कर्सर (कर्सरपर्यंत धावणे) आणि ब्रेकपॉइंट, म्हणजे थांबण्याची खूण, लावणे-काढणे या आज्ञांसाठी नेमून दिलेल्या या कळा. एडिटरमधील इतर शॉर्टकटांहून यांचे काम निराळे आहे. फाइल सेव्ह करण्याची कळ अधूनमधून दाबली जाते; स्टेपची कळ मात्र एकाच बैठकीत पुन्हा पुन्हा दाबावी लागते, तीही नजर व्हेरिएबलच्या बदलत्या किमतींवर असताना. त्यामुळे कळ न पाहता सापडली पाहिजे, आणि बोट शेजारच्या कळेवर पडले तरी चाललेले काम वाया जाता कामा नये. शॉर्टकटांची कोणतीही मांडणी या दोन कसोट्यांवर तपासावी लागते.

फंक्शन कळा येण्यापूर्वी, आणि त्यानंतरही बराच काळ, डीबगरच्या आज्ञा एकेका अक्षराच्या असत. एमएस-डॉसमधील डीबग या प्रोग्रॅममध्ये टी, पी आणि जी ही अक्षरे अनुक्रमे ट्रेस (आत शिरणे), प्रोसीड (ओलांडणे) आणि गो (पुढे चालवणे) यांसाठी होती. १९८६ च्या सुमारास आलेल्या जीडीबी या डीबगरमध्ये स्टेप (आत शिरणे), नेक्स्ट (ओलांडणे) आणि कंटिन्यू यांसाठी एस, एन आणि सी ही अक्षरे आजही चालतात. तेथे नुसते एंटर दाबले की मागचीच आज्ञा पुन्हा होते. वारंवार लागणाऱ्या क्रियेला मोठी कळ देणारी ही सोय आजही अनेकांना फंक्शन कळांपेक्षा सरस वाटते, आणि ते योग्यच आहे.

फंक्शन कळांवरील मांडणीच्या दोन मुख्य परंपरा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थिरावल्या. मायक्रोसॉफ्टच्या कोडव्ह्यू या डीबगरमध्ये आणि क्विकबेसिकमध्ये एफ५ ने प्रोग्रॅम पुढे चाले, एफ८ ने एक पाऊल आत जाई, एफ१० ने फंक्शन ओलांडले जाई आणि एफ९ ने ब्रेकपॉइंट लागे. बोरलँडने १९८८ मध्ये टर्बो पास्कल ५.० आणि टर्बो सी २.० यांत डीबगर अंतर्भूत केला. त्यात आत शिरण्यासाठी एफ७, ओलांडण्यासाठी एफ८ आणि कर्सरपर्यंत धावण्यासाठी एफ४ होती. महाराष्ट्रातील अनेक अभियांत्रिकी आणि संगणकशास्त्र महाविद्यालयांत टर्बो सी विंडोजच्या काळातही दीर्घकाळ टिकून राहिले. त्यामुळे प्रोग्रॅम चालवणारी कंट्रोल+एफ९ आणि त्याचा निकाल दाखवणारी ऑल्ट+एफ५ या जोड्या येथील विद्यार्थ्यांच्या हातात बसल्या. एफ७ चा वापर त्या मानाने कमी झाला.

नेमके हेच आकडे का निवडले गेले, याच्या दोन उपपत्ती मांडता येतात. पहिली बेसिककडे बोट दाखवते. १९८१ च्या आयबीएम पीसीवरील बेसिकमध्ये पडद्याच्या तळाशी फंक्शन कळांची पट्टी दिसे. तिच्यात एफ२ वर रन, एफ५ वर कॉन्ट, एफ७ वर ट्रॉन आणि एफ८ वर ट्रॉफ असे. कॉन्ट म्हणजे थांबलेला प्रोग्रॅम पुढे चालू करणे, तर ट्रॉन आणि ट्रॉफ म्हणजे ओळींचा माग सुरू वा बंद करणे. एफ५ वरील कंटिन्यू याच वाटेने आले असावे.

दुसरी उपपत्ती कीबोर्डच्या रचनेवर आधारलेली आहे. मूळ पीसीवर फंक्शन कळा वरच्या बाजूला नव्हत्या. डाव्या कडेला दोन उभ्या स्तंभांत त्या पाच ओळींत होत्या: एफ१ शेजारी एफ२, त्यांखाली एफ३ आणि एफ४, आणि अशाच क्रमाने तळाशी एफ९ आणि एफ१०. या रचनेत बोरलँडच्या एफ७ आणि एफ८ एकमेकींना लागून आडव्या येतात, तर मायक्रोसॉफ्टच्या एफ८ आणि एफ१० एकाखाली एक. आज विस्कळित वाटणारी ही दुसरी जोडी त्या वेळी बोटाखाली सलग होती. स्टेपच्या कळांपुरती ही उपपत्ती अधिक पटते; एफ५ पुरती पहिली.

१९८० च्या दशकाच्या मध्यास आलेल्या १०१ कळांच्या कीबोर्डाने हे गणित मोडले. बारा फंक्शन कळा वर गेल्या आणि चारचारांच्या तीन गटांत विभागल्या गेल्या. एफ८ दुसऱ्या गटाच्या शेवटी राहिली, एफ१० तिसऱ्या गटात गेली, आणि दोहोंमध्ये ब्रेकपॉइंटची एफ९ आली. मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल सी++ मध्ये पुढे, बहुधा १९९० च्या दशकाच्या मध्यास, आत शिरणे एफ११ वर आणि बाहेर पडणे शिफ्ट+एफ११ वर गेले. तेव्हा जोडी पुन्हा जुळली. एक्सेलच्या मॅक्रो एडिटरमध्ये मात्र व्हिज्युअल बेसिकची जुनी मांडणी कायम आहे: आत शिरायला एफ८, ओलांडायला शिफ्ट+एफ८. ओलांडण्याची गरज अधिक वेळा पडते, त्यामुळे तिच्यावर दोन कळांचा भार टाकणारी ही निवड गैरसोयीची आहे.

रचनेच्या कसोटीवर एक्लिप्स या प्रोग्रॅम लिहिण्याच्या साधनाची मांडणी सर्वांत नेटकी ठरते. एफ५ ने आत, एफ६ ने पुढे, एफ७ ने बाहेर आणि एफ८ ने कंटिन्यू; चारही क्रिया एकाच गटात, चार बोटांखाली. तिची अडचण इतर साधनांशी आहे. एफ५ ने कंटिन्यू करणाऱ्या मायक्रोसॉफ्टच्या व्हिज्युअल स्टुडिओतून आलेला माणूस ती कळ दाबून नको त्या फंक्शनमध्ये शिरतो, आणि ती चूक स्टेप आउटने निस्तरता येते. उलट दिशेने जाणाऱ्याने आत शिरण्यासाठी एफ५ दाबली की प्रोग्रॅम थेट पुढच्या ब्रेकपॉइंटपर्यंत किंवा शेवटापर्यंत धावतो, आणि अर्धा तास खपून गाठलेली स्थिती हातची जाते. इंटेलिजे हे प्रोग्रॅम लिहिण्याचे साधन आणि क्रोम ब्राउझरमधील डीबगर यांच्यातही हेच घडते. पहिल्यात एफ८ फंक्शन ओलांडते, दुसऱ्यात ती प्रोग्रॅम पुढे धावू देते. एकाच दिवसात सर्व्हरचा आणि ब्राउझरचा कोड पाहणाऱ्यांना हा फटका सर्वाधिक बसतो. अशांनी एकच मांडणी निवडून ती सर्वत्र लावणे इष्ट; व्हिज्युअल स्टुडिओ आणि इंटेलिजे यांत इतर साधनांच्या तयार मांडण्या मिळतात.

कळ निवडताना ती आधीच कोणाकडे आहे, हेही पाहावे लागते. ब्राउझरमध्ये एफ५ पान पुन्हा मागवते. क्रोममध्ये कंटिन्यू एफ८ वर असण्याचे कारण यातच असावे. विंडोजमध्ये एफ१२ डीबगरसाठी राखीव आहे, आणि इतर प्रोग्रॅमांनी ती सर्वव्यापी शॉर्टकट म्हणून नोंदवू नये अशी मायक्रोसॉफ्टची सूचना आहे. व्हीएस कोड या एडिटरमध्ये विंडोजवर एफ११ चा अर्थ प्रसंगानुसार बदलतो: डीबग चालू असताना आत शिरणे, एरवी खिडकी पूर्ण पडदाभर करणे. मॅकवर फंक्शन कळांची ओळ मुळात प्रकाश आणि आवाज यांसाठी असल्याने एफएन कळेची जोड द्यावी लागते. २०१६ मध्ये आलेल्या टच बारच्या मॅकबुक प्रोंवर तर ही ओळ स्पर्शपट्टीत विरून गेली, आणि २०२१ च्या मॉडेलांत परतली.

विरामचिन्हांवर बांधलेले शॉर्टकट दुसऱ्या भाषेच्या कीबोर्डावर अडखळतात. मॅकवर प्रोग्रॅम लिहिण्याच्या एक्सकोड या साधनामध्ये ब्रेकपॉइंटसाठी कमांडसोबत बॅकस्लॅश लागतो, आणि जर्मन मॅकवर तो शिफ्ट, ऑप्शन आणि ७ मिळून उमटतो. देवनागरी इन्स्क्रिप्ट चालू असताना विरामचिन्हांच्या बऱ्याच कळांवर अक्षरे येतात. फंक्शन कळांना ही अडचण नाही.

उलट दिशेने, म्हणजे प्रोग्रॅम मागे मागे नेत, डीबग करण्याची सोय जीडीबीमध्ये २००९ च्या ७.० आवृत्तीपासून आहे. तेथे नेहमीच्या अक्षरापुढे आर लावला की काम भागते: आरएस, आरएन, आरसी. फंक्शन कळांवर अशी सहज जागा उरलेली नाही. उलट पावलासाठी शिफ्ट स्वाभाविक वाटते. परंतु शिफ्ट+एफ११ स्टेप आउटने घेतली आहे आणि विंडोजमध्ये शिफ्ट+एफ१० ने संदर्भ मेनू उघडतो.