खिळा, कर्व्हबॉल आणि क्षयरोग

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या जर्मनटाउनचा, पुढे बेसबॉलपटू झालेला रेड शेन्डीन्स्ट सोळा वर्षांचा असताना सरकारी रोजगार योजनेच्या छावणीत कुंपण ठोकत होता. खिळा उसळला आणि थेट डाव्या डोळ्यात लागला. डॉक्टर डोळा काढायचं म्हणत होते, पोरगा ऐकेना. डोळा वाचला, पण नजर पहिल्यासारखी राहिली नाही.

बेसबॉलमध्ये उजव्या हाताचा फलंदाज डावा खांदा पिचरकडे, म्हणजे चेंडू फेकणाऱ्याकडे, करून उभा राहतो. म्हणजे चेंडूच्या बाजूला असतो डावा डोळा. उजव्याच्या आड नाक येतं. (डावा डोळा मिटा, मान डावीकडे वळवा आणि तिकडचं काही बघायला जा, लगेच कळेल.) पिचर 18.44 मीटरवर. चेंडू ताशी 145 किलोमीटरनं आला, तर हातात जेमतेम 0.4 सेकंद. त्यात उजव्या पिचरचा कर्व्हबॉल, म्हणजे हवेत वळणारा चेंडू, उजव्या फलंदाजापासून बाहेर पळतो. शेन्डीन्स्टनं डावखुरी फलंदाजीही शिकून घेतली. समोर उजवा पिचर असला की बाजू बदलायची, मग शाबूत डोळा पुढे! मला त्याच्या साऱ्या कारकिर्दीत हेच सर्वांत देखणं वाटतं.

1945 मध्ये तो सेंट लुईस कार्डिनल्स या संघाकडे आला आणि सेकंड बेसवर, म्हणजे दुसऱ्या तळावरचा क्षेत्ररक्षक म्हणून, स्थिरावला. पुढच्याच वर्षी वर्ल्ड सिरीज, म्हणजे अमेरिकन बेसबॉलची अजिंक्यपदाची मालिका, जिंकली. 1957 मध्ये मिलवॉकी ब्रेव्ह्ज संघाबरोबर पुन्हा एकदा.

1958 च्या मोसमानंतर निदान झालं क्षयरोगाचं. क्षयाचा जंतू फार सावकाश वाढतो. आतड्यातला ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीसेक मिनिटांत दुप्पट होतो, याला जवळपास वीस तास लागतात. म्हणून आजार चोरपावलांनी येतो आणि नुसता थकवा वाटतो. तोवर स्ट्रेप्टोमायसिन आणि 1952 पासून आयसोनियाझिड ही औषधं हाताशी होती, रिफाम्पिसिन हे औषध मात्र यायचं होतं. उपचार दीड-दोन वर्षं चालत. फुफ्फुसात जाड भिंतीची पोकळी झाली, तर तिथे औषध नीट पोचत नसे. अशा वेळी तेवढा भाग कापून काढत. फेब्रुवारी 1959 मध्ये शेन्डीन्स्टच्या फुफ्फुसाचाही काही भाग काढला. उरलेलं फुफ्फुस फुगून रिकामी जागा बरीचशी भरून काढतं, आणि निरोगी फुफ्फुसाची क्षमता रोजच्या गरजेपेक्षा कितीतरी जास्त असते. त्या वर्षी तो फक्त पाच सामने खेळला, पण खेळला!

पुढे 1965 ते 1976 तो कार्डिनल्सचा मॅनेजर होता. 1967 मध्ये त्याच्या संघानं बोस्टन रेड सॉक्सला सातव्या सामन्यात हरवून वर्ल्ड सिरीज जिंकली. 2018 मध्ये तो गेला, तेव्हा 95 वर्षांचा होता.