होफकपेलमाइस्टर : जर्मन दरबारांतील संगीतप्रमुखाच्या पदाची पार्श्वभूमी

जर्मन भाषिक प्रदेशांतील राजेरजवाड्यांच्या पदरी असलेल्या संगीतप्रमुखाला ‘होफकपेलमाइस्टर’ म्हणत. यातील ‘होफ’ म्हणजे दरबार आणि ‘माइस्टर’ म्हणजे प्रमुख. मधल्या ‘कपेले’ या शब्दाचा प्रवास मात्र लांबचा आहे. लॅटिनमध्ये ‘कपेला’ म्हणजे छोटा झगा. संत मार्टिनचा म्हणून जो झगा फ्रँक राजांनी पवित्र अवशेष म्हणून जपला, त्यावरून तो ठेवण्याच्या जागेला, पुढे राजवाड्यातील प्रार्थनागृहाला, तेथे गाणाऱ्या धर्मगुरूंना आणि अखेरीस दरबारातील साऱ्या गायक-वादकांच्या ताफ्याला हे नाव मिळाले. ‘दरबारी गवई’ हा आपल्याकडील शब्द या पदासाठी वापरण्याचा मोह होतो. परंतु गवई स्वतः गाऊन मालकाला रिझवतो, तर कपेलमाइस्टर हा एका खात्याचा प्रमुख होता. माणसे नेमणे, मुलांना गाणे शिकवणे, वाद्ये आणि स्वरलिपींच्या वह्या सांभाळणे, नवे संगीत रचणे आणि ते बसवून घेणे, एवढा त्याचा कारभार असे.

या पदाचे मूळ चर्चमध्ये होते, हे त्याच्या आरंभीच्या मानकऱ्यांकडे पाहिले की लक्षात येते. सम्राट मॅक्सिमिलियन पहिला याने 1498 मध्ये व्हिएन्नाच्या दरबारी कपेलेची घडी बसवली. तिचे प्रमुखपद सांभाळणारे गेऑर्ग स्लाटकोनिया हे धर्मगुरू होते आणि 1513 मध्ये ते व्हिएन्नाचे बिशप झाले. त्याच दरबारात हाइन्रिख इझाक हे रचनाकार म्हणून नेमलेले होते, म्हणजे रचना करणारा आणि कपेलेचा प्रमुख हे तेव्हा वेगवेगळे असू शकत. सोळाव्या शतकात ही दोन कामे एकाच माणसाकडे येऊ लागली. ऑर्लांडो दि लासो 1556 मध्ये म्युनिकला बव्हेरियाच्या ड्यूककडे गायक म्हणून आले, 1563 पासून 1594 मध्ये मृत्यू येईपर्यंत कपेलेचे प्रमुख राहिले, आणि त्यांच्या रचनांमुळे म्युनिकच्या दरबाराचे नाव युरोपभर झाले. लुथरच्या धर्मसुधारणेनंतर प्रोटेस्टंट राजांनीही ही व्यवस्था मोडली नाही. ड्रेस्डेनला सॅक्सनीचा इलेक्टर, म्हणजे सम्राट निवडण्याचा हक्क असलेला राजा, मोरित्स याने 1548 मध्ये स्थापन केलेल्या कपेलेचे पहिले प्रमुख लुथरचे सहकारी योहान वाल्टर हेच होते.

हे पद मानाचे असले तरी त्याचा पाया मालकाच्या खजिन्यावर होता. याचे सर्वांत बोलके उदाहरण ड्रेस्डेनचे हाइन्रिख श्युट्झ यांचे आहे. व्हेनिसमध्ये जोव्हान्नी गाब्रिएली यांच्याकडे शिकून आलेले श्युट्झ मूळचे कासेलच्या दरबारचे. सॅक्सनीच्या इलेक्टरने त्यांना आधी उसने मागून घेतले आणि मग परत पाठवलेच नाही. दोन राजांमध्ये एका संगीतकाराची अशी देवघेव व्हावी, यातूनच त्याचे स्थान कळते. 1618 ते 1648 या तीस वर्षांच्या युद्धाने दरबाराची तिजोरी रिकामी केली, पगार थकले आणि कपेलेतील माणसे गळत गेली. श्युट्झ यांनी 1636 आणि 1639 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘लघु धार्मिक कॉन्सर्ट’ या रचना थोड्याच गायकांसाठी आणि ऑर्गनच्या साथीसाठी आहेत, कारण त्याहून अधिक माणसे हाताशी नव्हती. युद्ध संपल्यावरही स्थिती लवकर सुधारली नाही. 1651 मध्ये त्यांनी आपला सारा जीवनवृत्तांत मांडून कामातून मोकळे करण्याची विनंती केली. पुढल्या वर्षी त्यांनी कळवले की कपेलेतील एका उत्तम गायकाने कपडे गहाण टाकले आहेत आणि तो अंथरुणावाचून गवतावर झोपतो. ज्यांनी त्यांचे संगीत ऐकले आहे त्यांना हे पत्र वाचताना गलबलून येते. इलेक्टरने त्यांना सोडले नाही. त्याच्या मृत्यूनंतर नवा राजा आला, तेव्हा कुठे वयाची सत्तरी ओलांडलेल्या श्युट्झ यांचा रोजच्या कामाचा भार उतरला.

युद्धानंतर जर्मन प्रदेश व्यापणाऱ्या पवित्र रोमन साम्राज्यात लहानमोठी शेकडो राज्ये उरली आणि अगदी छोट्या संस्थानिकालाही आपली कपेले असावी असे वाटू लागले. फ्रान्सच्या राजाच्या व्हर्साय येथील दरबारी थाटाचे अनुकरण हे त्याचे एक कारण होते, ऑपेराची वाढती आवड हे दुसरे. राज्ये अनेक म्हणून नोकऱ्याही अनेक, आणि जर्मन प्रदेशात संगीतकार इतक्या संख्येने का घडले याचे बरेचसे उत्तर माझ्या मते येथेच आहे. एका मालकाशी न जमल्यास दुसरा शोधता येई, मात्र त्यासाठी पहिल्याची परवानगी लागे. योहान सेबास्टियन बाख 1714 पासून व्हायमारच्या दरबारात कॉन्सर्टमाइस्टर, म्हणजे वादकांचे अग्रणी, होते. वृद्ध कपेलमाइस्टर वारल्यावर ते पद त्यांना न मिळता मृताच्या मुलाकडे गेले. बाख यांनी क्योथेनच्या राजपुत्र लिओपोल्डकडील कपेलमाइस्टरपद स्वीकारून राजीनाम्याचा आग्रह धरला, तेव्हा त्या हट्टापायी व्हायमारच्या ड्यूकने त्यांना 1717 च्या नोव्हेंबरात जवळजवळ चार आठवडे अटकेत ठेवले. पुढे 1723 मध्ये ते लाइपझिगला शहराच्या नोकरीत गेले; पण कपेलमाइस्टरचा कॅंटर (चर्चच्या संगीताचा आणि शाळेतील गायनाचा शिक्षक) होणे आपल्याला आधी मुळीच योग्य वाटले नव्हते, असे त्यांनी 1730 मध्ये एका जुन्या मित्राला लिहिले.

हे पद प्रत्यक्षात कसे चाले, हे पाहायचे तर योसेफ हायडन यांनी 1 मे 1761 रोजी स्वीकारलेला करारनामा वाचावा. एस्टरहाझी हे हंगेरीचे सरदार घराणे, पण त्यांचा आयझेनश्टाटचा वाडा व्हिएन्नाच्या सांस्कृतिक कक्षेतलाच होता. हायडन उपकपेलमाइस्टर म्हणून वर्षाला 400 गुल्डन वेतनावर रुजू झाले. पांढरे मोजे, स्वच्छ पांढरा सदरा आणि पावडर लावलेले केस अशा वेषात हजर राहावे. दुपारपूर्वी आणि दुपारनंतर बाहेरच्या दालनात येऊन आज संगीत हवे आहे का याची चौकशी करावी. वादकांची भांडणे मिटवावीत, पण त्यांच्याशी फार सलगी करू नये. मालक सांगेल ते रचावे, त्याची प्रत कोणाला देऊ नये आणि परवानगीवाचून दुसऱ्या कोणासाठी लिहू नये, अशी कलमे त्यात आहेत. 1766 मध्ये वृद्ध कपेलमाइस्टर ग्रेगोर वेर्नर वारल्यावर हायडन पूर्ण कपेलमाइस्टर झाले. 1779 च्या नव्या करारातून रचनांवरील मालकीचे कलम गळले, आणि त्यांच्या सिंफनी प्रकाशकांमार्फत मोकळेपणाने बाहेर जाऊ लागल्या. या पदाच्या इतिहासातील खरा कलाटणीचा क्षण मला हाच वाटतो: नोकरी तीच राहिली, पण संगीतावरचा हक्क रचणाऱ्याकडे सरकला. 1790 मध्ये नव्या राजपुत्राने वाद्यवृंद मोडला, तेव्हा निवृत्तिवेतन घेऊन हायडन लंडनला जाऊ शकले, कारण तेथे त्यांचे नाव आधीच पोचले होते.

नेपोलियनच्या काळात, विशेषतः 1803 नंतर, धर्मगुरूंची राज्ये आणि असंख्य छोटी संस्थाने बुडाली, आणि त्यांच्याबरोबर त्यांच्या कपेलेही गेल्या. उरलेल्या मोठ्या दरबारांत चर्चपेक्षा ऑपेरागृह हे मुख्य कामाचे ठिकाण झाले. पूर्वी कपेलमाइस्टर वाद्यावर बसून संगीत चालवत असे. 1817 मध्ये ड्रेस्डेनच्या जर्मन ऑपेराची सूत्रे घेतलेल्या कार्ल मारिया फोन वेबर यांच्यासारख्यांनी उभे राहून छडीने वाद्यवृंद चालवण्याची रीत रुजवली. त्याच दरबारात 1843 मध्ये रिचर्ड वाग्नर वर्षाला 1500 थालरवर होफकपेलमाइस्टर झाले. वादकांचे वेतन, संख्या आणि कामाचे तास सुधारण्यासाठी त्यांनी 1846 मध्ये सविस्तर अहवाल सादर केला आणि तो फेटाळला गेला. 1849 च्या मे महिन्यातील उठावात भाग घेतल्यावर अटक चुकवून ते देशाबाहेर पळाले. व्हायमारला तेव्हा फ्रांत्स लिस्ट याच पदावर होते, आणि परागंदा वाग्नर यांचा ‘लोहेनग्रिन’ हा ऑपेरा 28 ऑगस्ट 1850 रोजी त्यांनीच प्रथम रंगभूमीवर आणला.

1918 मध्ये जर्मनी आणि ऑस्ट्रियातील राजसत्ता संपल्या. ड्रेस्डेन, बर्लिन आणि व्हायमार येथील दरबारी वाद्यवृंद शासनाकडे आले आणि ‘होफ’ जाऊन त्यांच्या नावात ‘श्टाट्स’, म्हणजे राज्याचे, हा शब्द आला. कपेलमाइस्टर हे पद जर्मन ऑपेरागृहांत आजही आहे. पण सर्वोच्च अधिकार आता बहुधा ‘गेनेरालमुझिकडिरेक्टोर’कडे, म्हणजे संगीताच्या मुख्य संचालकाकडे, असतो, आणि पहिला किंवा दुसरा कपेलमाइस्टर त्याच्या हाताखाली प्रयोग चालवतो.