व्यावसायिक वैमानिक परवाना ते सहवैमानिकाची नोकरी : पात्रता, उड्डाणतास, कागदपत्रे आणि वेतनाच्या अटी

बारावीचा निकाल लागला की नागपुरात वैमानिक प्रशिक्षणाची चौकशी सुरू होते आणि बहुतेक पालकांचा पहिला प्रश्न खर्चाचा असतो. तो रास्तच आहे. मात्र 200 तासांचे उड्डाण पूर्ण केले की विमान कंपनीत जागा ठरलेलीच, या समजुतीवर घर किंवा शेती गहाण टाकली जात असेल तर अगोदर एक गोष्ट स्पष्ट व्हायला हवी. परवान्याचा अर्ज नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाकडे, म्हणजे डीजीसीएकडे, करायचा असतो आणि त्याच्या अटी नियमांत लिहिलेल्या आहेत. नोकरीचा अर्ज कंपनीकडे करायचा असतो आणि तिथल्या अटी कंपनी ठरवते. या माहितीत दोन्ही टप्पे त्याच क्रमाने दिले आहेत.

व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सीपीएलसाठी, उमेदवार भौतिकशास्त्र आणि गणित हे विषय घेऊन बारावी उत्तीर्ण असावा लागतो आणि परवाना मिळताना त्याचे वय किमान 18 वर्षे असावे लागते. विद्यार्थी वैमानिक परवाना सोळाव्या वर्षीही मिळू शकतो. बारावीला गणित घेतलेले नसल्यास राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून तो विषय स्वतंत्रपणे उत्तीर्ण होता येते.

सर्वात आधी डीजीसीएच्या परीक्षांसाठी संगणक क्रमांक, म्हणजे परीक्षार्थीचा ओळख क्रमांक, घ्यावा लागतो. त्यासाठी छायाचित्र, स्वाक्षरी, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका आणि त्या गुणपत्रिकांचे मंडळाकडून मिळालेले पडताळणीपत्र लागते. राज्य मंडळाच्या विद्यार्थ्यांनी हे पत्र नागपूर विभागीय मंडळाकडून वेळेत मागवून ठेवावे, कारण त्यावाचून पुढची कामे अडतात. आपल्याकडे आणखी एक अडचण हमखास येते. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचे आणि वडिलांचे नाव असते. पासपोर्टवर क्रम वेगळा असतो आणि आधारवर कधी वडिलांचे नावच नसते. एखाद्या अक्षराच्या फरकानेही अर्ज त्रुटी दाखवून परत येतो. म्हणून प्रशिक्षण संस्थेचा पहिला हप्ता भरण्याआधी तिन्ही कागद शेजारी ठेवून अक्षर न् अक्षर जुळवून पाहावे आणि दुरुस्ती लागत असल्यास ती तेव्हाच करून घ्यावी.

वैद्यकीय तपासणीचेही तसेच आहे. प्रथम डीजीसीएमान्य डॉक्टरांकडून वर्ग 2 ची आणि त्यानंतर हवाई दलाच्या केंद्रात किंवा मान्यताप्राप्त रुग्णालयात वर्ग 1 ची तपासणी होते. चष्मा असला तरी बहुधा अडत नाही, परंतु रंग ओळखण्यातील दोष असेल तर तो आधीच कळलेला बरा. निम्मी फी भरून झाल्यावर वर्ग 1 मध्ये अपात्र ठरणे हे कोणत्याही घराला न परवडणारे नुकसान आहे, त्यामुळे वर्ग 1 चा निर्णय हाती आल्याशिवाय मोठी रक्कम भरू नये, असे माझे ठाम मत आहे.

आता उड्डाणतासांकडे वळू. एकूण 200 तासांपैकी किमान 100 तास प्रमुख वैमानिक म्हणून झालेले असावे लागतात. क्रॉस कंट्री, म्हणजे एका ठिकाणाहून दूरच्या दुसऱ्या ठिकाणी केलेल्या, उड्डाणाचे किमान 20 तास हवेत आणि त्यांत किमान 300 सागरी मैलांचे, म्हणजे सुमारे 556 किलोमीटरचे, एक असे उड्डाण हवे ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर पूर्ण थांबून उतरलेले असेल. हे अंतर डोळ्यांसमोर यावे म्हणून एक उदाहरण देतो. गोंदियाजवळच्या बिरसीहून निघून नागपूरला उतरायचे, तेथून रायपूर गाठायचे आणि परत बिरसीला यायचे, तर सरळ रेषेत 570 किलोमीटरच्या आसपास अंतर भरते. याखेरीज उपकरणांच्या आधारे उड्डाणाचे 10 तास लागतात आणि रात्रीच्या उड्डाणाचे 5 तास लागतात. रात्रीच्या त्या तासांत दहा वेळा उडणे आणि दहा वेळा उतरणे अपेक्षित असते.

हे सगळे सिद्ध होते ते लॉगबुकवरून, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीवरून. तारीख, विमानाचा नोंदणी क्रमांक, कोठून कोठे, उडण्याची आणि उतरण्याची वेळ, प्रशिक्षकासोबत की एकट्याने, दिवसा की रात्री, असे रकाने प्रत्येक उड्डाणानंतर त्याच दिवशी स्वतःच्या हाताने भरावेत आणि स्वाक्षऱ्या वेळच्या वेळी घ्याव्यात. प्रत्यक्षात न झालेले तास कोणी लिहून देऊ केले, तरी ते घेऊ नयेत. तो कागदावरचा गुन्हा तर आहेच, शिवाय ते तास ज्या दिवशी लागतात त्या दिवशी मागच्या आसनांवर प्रवासी बसलेले असतात.

विदर्भात 1947 साली स्थापन झालेला नागपूर फ्लाइंग क्लब आणि बिरसी येथील राष्ट्रीय उड्डाण प्रशिक्षण संस्था ही नावे परिचयाची आहेत. डीजीसीएने ऑक्टोबर 2025 पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीही जाहीर करायला सुरुवात केली आहे. प्रवेशापूर्वी ती पाहावी आणि सध्या किती विमाने प्रत्यक्ष उडत आहेत, हे समक्ष जाऊन विचारावे. अनुसूचित जातीच्या आणि अडीच लाखांपर्यंत वार्षिक कौटुंबिक उत्पन्न असलेल्या उमेदवारांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या पहिल्या गटात हा अभ्यासक्रम आहे. नागपुरात मुख्यालय असलेल्या महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेनेही इतर मागासवर्ग, भटके-विमुक्त आणि विशेष मागास प्रवर्गासाठी फ्लाइंग क्लबमार्फत प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. अधिवास, जातीचा दाखला, जात वैधता आणि नॉन-क्रीमिलेअर ही प्रमाणपत्रे जाहिरातीची वाट न पाहता काढून ठेवावीत.

लेखी परीक्षेत हवाई मार्गनिर्देशन, हवामानशास्त्र, हवाई नियम आणि तांत्रिक विषय असतात व प्रत्येकात 70 टक्के गुण लागतात. रेडिओ दूरध्वनीची परीक्षा पूर्वी दूरसंचार विभागाकडे होती. भारतीय वायुयान अधिनियम, 2024 नुसार ती डीजीसीएकडे आली आहे. त्यानंतर डीजीसीएच्या ईजीसीए या ऑनलाइन पोर्टलवर निकाल, वैद्यकीय निर्णय, प्रमाणित लॉगबुक आणि कौशल्य चाचण्यांचे अहवाल जोडून सीपीएलचा अर्ज करायचा असतो. फेब्रुवारी 2025 पासून परवाना इलेक्ट्रॉनिक स्वरूपातही मिळतो.

हा परवाना आणि विशिष्ट विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या प्रकारचे विमान चालवण्याची स्वतंत्र पात्रता, हाती असले की भारतात सहवैमानिक होता येते. कॅप्टनसाठी लागणाऱ्या एटीपीएल या वरच्या परवान्याला मात्र 21 वर्षे वय आणि 1500 तास लागतात. अमेरिकेत 2013 पासून सहवैमानिकालाही साधारणपणे 1500 तासांची अट आहे आणि लष्करी किंवा पदवीधर उमेदवारांना त्यात काही सवलत मिळते. त्या नियमामागे फेब्रुवारी 2009 मध्ये बफेलोजवळ झालेला कोल्गन एअरचा अपघात होता, ज्यात 50 जणांचा मृत्यू झाला. त्या विमानातील दोन्ही वैमानिकांचे तास 1500 हून अधिकच होते. चौकशीत थकवा, प्रशिक्षणातील उणिवा आणि सहवैमानिकाचे तुटपुंजे वेतन हे मुद्देही पुढे आले. ती सहवैमानिक महिला नोकरीच्या शहरात न राहता देशाच्या दुसऱ्या टोकाहून रात्रभर विमानप्रवास करून कामावर आली होती. म्हणून नवख्या वैमानिकाच्या पगाराची चर्चा ही सुरक्षिततेचीच चर्चा आहे, असे मी मानतो.

नियुक्तिपत्र हाती आल्यावर वेतन नेमके कोणत्या दिवसापासून मोजले जाणार, रुजू झाल्यापासून, टाइप रेटिंग संपल्यावर की प्रवासी उड्डाणांवरील प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर, हे लेखी विचारावे. या टप्प्यांमध्ये बरेच महिने जाऊ शकतात आणि कर्जाचे हप्ते मात्र थांबत नाहीत. दरमहा किती तासांच्या वेतनाची हमी आहे, टाइप रेटिंगचा खर्च कोणाकडे, बॉण्ड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी न सोडण्याचे बंधन, किती वर्षांचा आणि सेवेच्या प्रत्येक वर्षागणिक त्याची रक्कम कमी होते का, याची उत्तरेही करारातच असायला हवीत. डीजीसीएच्या 2017 च्या नियमाने सहवैमानिकाला राजीनाम्यासाठी सहा महिन्यांची पूर्वसूचना द्यावी लागते. बॉण्डची मुदत त्याहून वेगळी असते. करारावर स्वाक्षरी करण्यापूर्वी त्याची प्रत घरी आणून सेवाविषयक कायदे जाणणाऱ्या वकिलाला दाखवावी आणि त्यासाठी कंपनीकडे आठवडाभराची मुदत निःसंकोच मागावी.