गाजराचे भाऊबंद ओळखायचे तर फळ आडवे कापा

फोटो काढा आणि वनस्पतीचे नाव मिळवा, अशा ॲपचे सध्या पेव फुटले आहे. गाजराच्या कुळात मात्र त्यांच्या उत्तरावर जेवणाचा बेत आखू नये. या कुळात, म्हणजे चामरकल्प कुळात, ३,५००हून अधिक जाती आहेत. त्यांतल्या कितीतरी जातींना पांढऱ्या फुलांच्या छत्र्या आणि चिरलेली पाने असतात. युरोप-अमेरिकेत रस्त्याकडेला रानगाजर उगवते आणि याच कुळातले विषारी हेमलॉकही. इसवी सनपूर्व ३९९मध्ये सॉक्रेटिसला अथेन्समध्ये दिलेले विष हेमलॉकचेच मानले जाते.

हा घोळ वाळलेल्या फळावर बराच सुटतो. धणे, जिरे, ओवा, बडीशेप यांना आपण बी म्हणतो, पण ती फळे आहेत. पिकल्यावर फळाचे दोन अर्धे भाग, म्हणजे फलांश, होतात आणि बारीक देठावर लोंबतात. (धण्याचे दोन्ही फलांश चिकटून राहतात.) प्रत्येक फलांशावर साधारणपणे पाच उभे कंगोरे असतात. रानगाजरावर आकड्यांसारख्या काट्यांच्या चार रांगाही असतात, त्यामुळे ते भिंगाखाली लगेच कळते. हेमलॉकचे फळ जेमतेम तीन मिलिमीटरचे, बिनकेसाचे असते आणि त्याचे कंगोरे नागमोडी असतात.

खरी गंमत आत आहे. फळाच्या भिंतीत तेलनलिका असतात. बडीशेपेचा वास तिथलाच. बडीशेपेच्या फलांशात त्या सहा: पाठीकडच्या चार खोबणींत एकेक आणि सपाट, जोडाच्या बाजूला दोन. धण्याच्या फलांशात फक्त जोडाच्या बाजूच्या दोन. बडीशेपेची चुलत बहीण अनिस हिच्यात मात्र पंधराहून अधिक. पिकलेल्या हेमलॉकमध्ये स्पष्ट तेलनलिका नसतातच. त्याऐवजी बियाभोवती कोनाइन या विषाच्या पेशींचा थर असतो. जोडाच्या बाजूने बियात खोल खाच गेल्यामुळे त्याचा काप मूत्रपिंडासारखा दिसतो.

सराव घरच्या बडीशेपेवर करा. दाणे कोमट पाण्यात तासभर भिजवा. कोरडा दाणा कापताना चुरतो आणि उकळला तर तेल निघून जाते. गाजराच्या तुकड्याला चीर पाडून दाणा त्यात उभा रोवा, नवे ब्लेड ओले करा आणि गाजरासकट पातळ आडवे काप घ्या. दहापट भिंगाखाली तेलनलिका तपकिरी ठिपक्यांसारख्या दिसतात. काप स्पिरिटने धुऊ नका, तेल विरघळते.

काप नेहमी मध्यावर किंवा किंचित वर घ्यावा. हॉगवीड या रानटी जातीत पाठीवरच्या तेलनलिका शेंड्याकडून निघून बुडापर्यंत पोहोचतच नाहीत, वाटेतच फुगीर होऊन थांबतात. तिचे फळ तळाशी कापले तर नळ्या नाहीतच असे वाटते. पण ते फळ चपटे आणि हेमलॉकच्या दुपटीहून मोठे असते, तेवढ्यावरून घोळ टळतो. उलट सुरकुतलेल्या फळावर खोबणींत खोटे कंगोरे उठतात, म्हणून मोजणी भिजवल्यावरच करा.

रानटी दाणा चाखून पाहायचा नाही, चुरगळून नाकाशीही धरायचा नाही. वाळवले की विष उतरते, किंवा पाखरे खातात म्हणजे माणसालाही चालते, या समजुतींना आधार नाही: कोनाइन वाळलेल्या फळातही उरते आणि श्वासाचे स्नायू लुळे पाडते. आणि कच्ची फळे तोडू नका. त्यांचे कंगोरे आणि नळ्या अर्धवट असतात. छत्री तपकिरी होऊन फलांश सुटे लोंबू लागले, की ती कागदी पाकिटात ठेवा आणि त्यावर जागा व तारीख लिहा.