मिलानमधले दोन भाडेकरार: 4+4 आणि त्रान्झितोरिओ

मिलानमध्ये नोकरीसाठी आलेल्या मराठी माणसाला घर पसंत पडले की त्याच्यापुढे बहुधा दोनपैकी एक करार ठेवला जातो. एक 4+4 (चार अधिक चार वर्षांचा) म्हणून ओळखला जातो, दुसरा त्रान्झितोरिओ (म्हणजे तात्पुरता) म्हणून. दोन्ही 1998 च्या 431 क्रमांकाच्या कायद्याखाली येतात आणि वरवर पाहता त्यांत मुदतीखेरीज फारसा फरक जाणवत नाही. पुण्या-मुंबईतल्या अकरा महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्सची सवय असल्यामुळे आपल्याला छोट्या मुदतीचा करार सोयीचा वाटतो. पण केवळ मुदत पाहून निवड करणे मला धोक्याचे वाटते.

4+4 मधली आठ वर्षे पाहून नवा माणूस बिचकतो. प्रत्यक्षात ही मुदत प्रामुख्याने घरमालकाला बांधून ठेवते. पहिली चार वर्षे संपली की करार आपोआप पुढची चार वर्षे चालू राहतो. तो तिथेच थांबवायचा असेल, तर मालकाला कायद्यात दिलेल्यांपैकी एखादे कारण, उदाहरणार्थ स्वतःला किंवा जवळच्या नातेवाइकाला राहण्यासाठी घर हवे असणे, सहा महिने आधी लेखी कळवावे लागते. भाडेकरू मात्र गंभीर कारण असल्यास सहा महिन्यांची नोटीस देऊन केव्हाही घर सोडू शकतो. शिवाय कारण न सांगता घर सोडण्याची मुभाही करारात लिहून घेता येते, आणि परक्या देशात नोकरीवर राहणाऱ्याने हे कलम आग्रहाने मागावे. भाडे किती असावे, हे मात्र दोघांनी आपसांत ठरवायचे असते.

त्रान्झितोरिओची मुदत जास्तीत जास्त 18 महिने असते आणि ती संपली की करारही संपतो. हा करार केवळ मालकाला सोयीचा आहे म्हणून करता येत नाही. घर तात्पुरतेच का हवे आहे, हे त्यात स्पष्ट लिहावे लागते, आणि गरज भाडेकरूची असेल तर तिचा पुरावा, म्हणजे ठरावीक मुदतीच्या नोकरीचे कंत्राट यांसारखा कागद, सोबत जोडावा लागतो. कायमची नोकरी असलेल्याच्या गळ्यात असा करार मारला आणि त्यात खरे कारणच नसेल, तर न्यायालय तो 4+4 मानू शकते. आणखी एक गोष्ट नवख्यांना सहसा कोणी सांगत नाही: मिलानसारख्या महानगरात 30 दिवसांहून मोठ्या त्रान्झितोरिओचे भाडे मालकाच्या मर्जीवर नसते, घरमालक आणि भाडेकरू यांच्या संघटनांनी मिळून शहरासाठी जी किमान-कमाल मर्यादा ठरवलेली असते, तिच्या आतच ते असावे लागते. तेव्हा बाजारभावाने भाडे आणि वर त्रान्झितोरिओ अशी मागणी आली, तर सही करण्याआधी भाडेकरूंच्या संघटनेकडून हिशेब तपासून घ्यावा. (विद्यार्थ्यांसाठी सहा महिने ते तीन वर्षांचा वेगळा करार आहे, तो त्रान्झितोरिओ नव्हे.)

अनामत रक्कम दोन्ही करारांत तीन महिन्यांच्या भाड्याहून अधिक घेता येत नाही. करार आजेन्झिया देल्ले एन्त्राते या कर खात्याकडे 30 दिवसांत नोंदवण्याची जबाबदारी मालकाची असते, आणि न नोंदवलेला करार कायद्याने शून्य ठरतो. त्यामुळे नोंदणीची पावती मागून घ्यावी आणि तिच्यावरचे नाव, पत्ता व भाड्याची रक्कम सही केलेल्या कराराशी ताडून पाहावी.